हजार गणितं सोडवूनही फिजिक्स का अडतं?

जळगाव-धुळ्यात ज्या घरात ‘नीट’ची तयारी करणारं मूल आहे, तिथे रात्रीच्या जेवणाला एक प्रश्न ठरलेला असतो : ‘आज फिजिक्सची किती गणितं झाली?’ मुलगी म्हणते, ‘चाळीस झाली, पप्पा.’ पप्पांचं समाधान होतं. आकडा खोटा नसतो. वह्या भरलेल्या असतात, प्रश्नसंचाची जाडजूड पुस्तकं अर्धीअधिक संपलेली असतात. तरीही रविवारच्या टेस्टमध्ये बायोलॉजी ३६० पैकी तीनशेच्या पुढे आणि फिजिक्स १८० पैकी साठ-सत्तरवर अडकलेलं. मग घरात, क्लासमध्ये, शेजारीपाजारी एकच उपाय सांगितला जातो : अजून गणितं कर. चाळीसची साठ कर.

माणूस शिकतो कसा, याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मात्र गेली चाळीस वर्षं काहीसं वेगळं सांगत आहेत. गणितांची संख्या हा फिजिक्सच्या तयारीचा फार कच्चा मापदंड आहे.

आधी परीक्षेचा हिशेब पाहू. २०२५ मध्ये ‘नीट’ पुन्हा जुन्या रचनेवर आली : १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. त्यात फिजिक्सचे ४५ प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. बायोलॉजी आणि केमिस्ट्री कितीही वेगाने उरकलं, तरी फिजिक्सच्या एका प्रश्नाला दीड मिनिटाच्या वर वेळ मिळणं कठीण. ४ मे २०२५ च्या पेपरात फिजिक्सचा भाग किती लांबलचक आणि अवघड होता, याची चर्चा देशभर झाली. राज्याच्या सीईटीत चुकीला दंड नाही, पण तिथे फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे प्रश्नामागे एक मिनिटही नाही.

या दीड मिनिटावर काय काय टांगलेलं असतं, हे खानदेशात वेगळं सांगायला नको. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं. जळगावचं शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं. घराजवळ सरकारी जागा मिळणं आणि खासगी कॉलेजची फी भरणं यातला फरक लाखांत जातो. कापूस किंवा केळीवर चालणाऱ्या घराला तो फरक म्हणजे शेताचा तुकडा विकायचा की नाही, हा प्रश्न. दहा-पंधरा गुण कमी पडले म्हणून मूल आणखी एक वर्ष ‘रिपीटर बॅच’ला बसतं, कधी लातूरला, कधी कोटाला. ते दहा-पंधरा गुण बहुतेक वेळा फिजिक्समध्येच सांडलेले असतात.

दक्षिण कोरियात प्रवेश परीक्षांचं वेड आपल्यापेक्षा कमी नाही. तिथल्या किम आणि पाक या दोन संशोधकांनी २००२ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. फिजिक्सची गणितं घोटून विद्यापीठात पोहोचलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, आजवर किती गणितं सोडवलीत? विद्यार्थ्यांच्या अंदाजाने हा आकडा ३०० पासून २९०० पर्यंत होता, सरासरी सुमारे १५००. सूत्रं वापरण्यात किंवा आकडेमोडीत या मुलांना फारशी अडचण नव्हती. पण बल, गती, त्वरण यांबद्दलचे साधे समजुतीचे प्रश्न विचारले, तेव्हा नवशिक्यांच्या ओळखीच्या चुका त्यांच्याकडूनही झाल्या. आणि कोणी किती गणितं सोडवली याचा, त्याला विषय किती समजला याच्याशी फारसा संबंधच दिसला नाही.

चूक कसली, ते घरीच पाहता येईल. चेंडू सरळ वर फेका आणि मुलाला विचारा : अगदी वरच्या टोकाला, क्षणभर थांबतो तेव्हा, चेंडूचं त्वरण किती? ‘शून्य’ असं उत्तर हमखास येतं. शून्य असतो तो वेग. त्वरण तिथेही तेवढंच असतं, दर सेकंदाला सुमारे १० मीटर प्रतिसेकंद, खालच्या दिशेने. ते खरोखर शून्य झालं असतं, तर चेंडू वरच लटकून राहिला असता. ‘व्ही बरोबर यू अधिक एटी’ हे सूत्र पाचशे वेळा वापरलेलं मूलही इथे अडखळतं, कारण सूत्रात आकडे भरताना हा विचार करावाच लागत नाही.

यात आपल्या बोलीचाही थोडा वाटा आहे. रोजच्या बोलण्यात ‘जोर’ हा एकच शब्द बल, ऊर्जा, शक्ती आणि संवेग या चौघांचं काम करतो. चेंडू वर जाताना ‘हाताचा जोर त्याच्यात असतो’ आणि तो संपला की चेंडू पडतो, अशी आपली घरगुती समजूत. हात सुटल्यावर हाताचं बल संपलेलं असतं, हे पटायला वेळ लागतो. तसंच ‘काम’. रावेर-यावलकडे मजूर केळीचा घड खांद्यावर घेऊन सपाट बांधावरून एकसारख्या चालीने ट्रकपर्यंत जातो. घामाघूम होतो. पण घड उचलून धरणाऱ्या बलाने त्या चालण्यात केलेलं कार्य फिजिक्सच्या हिशेबाने शून्य, कारण बल वरच्या दिशेला आणि सरकणं आडवं. मुलांना हे अन्यायकारक वाटतं. वाटू द्यावं, त्यावर वाद घालणाऱ्या मुलाच्या डोक्यात ‘कार्य’ ही कल्पना पक्की बसते.

आता दुसरा मुद्दा, जो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. १९८१ मध्ये मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक सोपा प्रयोग केला. फिजिक्सची गणितं कार्डांवर लिहिली आणि सांगितलं, सोडवू नका, फक्त सारखी वाटतात ती एकत्र ठेवा. नवख्या विद्यार्थ्यांनी उताराची गणितं एका गठ्ठ्यात ठेवली, स्प्रिंगची दुसऱ्यात, कप्पीची तिसऱ्यात. जाणकारांचे गठ्ठे वेगळे होते : ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एका ठिकाणी, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सुटणारी दुसऱ्या ठिकाणी. नवख्याला गणितातली वस्तू दिसते, जाणकाराला नियम.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी येते. त्या दरवाजाच्या तळाशी पाण्याचा दाब किती, हे एक गणित. रुग्णाच्या हातापासून सलाईनची बाटली एक मीटर उंच टांगली तर सुईपाशी किती दाब मिळतो, हे दुसरं. एक इंजिनीअरिंगचं, एक दवाखान्यातलं. नियम एकच : दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, पाणी किती पसरलंय यावर नाही. एका मीटरला सुमारे ९८०० पास्कल, म्हणजे रक्तदाब मोजायच्या भाषेत जवळपास ७४ मिलिमीटर पारा. शिरेतला दाब याहून बराच कमी असतो, म्हणून सलाईन आत जातं. बाटली खाली आणली की ते थांबतं आणि नळीत रक्त उलटं येऊ शकतं. ‘डॉक्टर व्हायला फिजिक्स कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसं व्हावं.

आता एक गणित सावकाश सोडवून पाहू. ‘नीट’ मे महिन्याच्या सुरुवातीला येते, म्हणजे आपल्या आखाजीच्या आगेमागे. २०२५ मध्ये तर अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती आणि चौथ्या दिवशी परीक्षा. ज्या मुलींनी त्या आठवड्यात झोक्याकडे पाहिलंही नसेल, त्यांच्यासाठी झोक्याचंच गणित :

कडुनिंबाच्या फांदीला झोका बांधलाय. ४० किलोची मुलगी त्यावर बसली आहे. दोर उभ्या रेषेपासून ६० अंशांवर नेऊन झोका सोडला. तो अगदी खाली येतो त्या क्षणी दोरावर एकूण ताण किती? (फळी, दोर यांचं वजन आणि हवेचा विरोध सोडून द्या.)

बहुतेकांचं पहिलं उत्तर : ४० किलोचा भार. काही जण म्हणतात, दोराची लांबी दिलेली नाही, गणित अपुरं आहे. आणि बरेच जण विचारतात, ‘हे कोणत्या चॅप्टरचं आहे?’

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण हे गणित एका चॅप्टरचं नाहीच. ६० अंशांवरून खाली येताना मुलगी दोराच्या निम्म्या लांबीइतकी खाली येते. इथे ऊर्जेचा हिशेब लागतो : उंचीची ऊर्जा गतीत बदलली, म्हणून तळाशी वेगाचा वर्ग हा गुरुत्व त्वरण आणि दोराची लांबी यांच्या गुणाकाराएवढा येतो. मग वर्तुळाकार गती : त्या वेगाने वळवून धरायला केंद्राकडे लागणारं बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले लांबी. आकडा घाला, लांबी आपोआप कटते आणि उरतं मुलीचं वजनच. शेवटी न्यूटनचा नियम : दोराला मुलीचं वजन पेलायचं आहेच, वर हे वळवण्याचं बलही पुरवायचंय. एकूण ताण वजनाच्या दुप्पट, म्हणजे ८० किलोचा भार. दोर दहा फूट असो की वीस, उत्तर तेच. जुना दोर झोका थांबलेला असताना तुटत नाही, भर वेगात अगदी खाली असताना तुटतो, त्यामागे हाच हिशेब आहे.

हे सुटल्यावर पुढच्या गणितावर उडी मारू नका. पेन खाली ठेवा आणि याच झोक्याला आणखी प्रश्न विचारा. दोन मैत्रिणी शेजारी बसल्या तर ताण किती होईल? (वजन वाढेल त्या प्रमाणात.) एका हेलकाव्याला लागणारा वेळ? (तोच.) बसलेली मुलगी उभी राहिली तर? (तिचा गुरुत्वमध्य वर जातो, दोलकाची परिणामी लांबी कमी होते, हेलकावा किंचित लवकर पूर्ण होतो.) एका गणितावर अशी पंधरा मिनिटं घालवणारं मूल रात्री ‘आज सहाच झाली’ असं सांगेल. त्या सहावर रागावू नये.

‘कोणत्या चॅप्टरचं?’ हा प्रश्न मुलांच्या तोंडात येतो कारण आपला सराव चॅप्टरवार असतो. ‘वर्तुळाकार गती’ या मथळ्याखाली साठ गणितं. पहिली पाच सुटली की उरलेल्या पंचावन्नांत नियम कोणता हे ठरवावंच लागत नाही. मथळ्यानेच ते सांगितलेलं असतं. परीक्षेच्या पेपरात मथळा नसतो. म्हणजे परीक्षेतलं सगळ्यात अवघड काम, नियम ओळखण्याचं, त्याचाच सराव झालेला नसतो.

अमेरिकेत रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये हे मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटलं : सलगवाले २० टक्क्यांवर, मिसळवाले ६३ टक्क्यांवर. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात समानी आणि पॅन यांनी हाच प्रयोग पदवीच्या फिजिक्सच्या वर्गात, नेहमीच्या गृहपाठातून केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अचानक घेतलेल्या दोन चाचण्यांत मिश्र सराव करणाऱ्यांची कामगिरी मध्यक पाहता पहिल्यात ५० आणि दुसऱ्यात १२५ टक्क्यांनी सरस होती. गंमत म्हणजे त्या विद्यार्थ्यांना स्वतःला मिश्र सराव जास्त कठीण वाटला आणि त्यातून आपण कमी शिकलो, असंच त्यांचं मत होतं.

ही गंमत घरच्यांनीही लक्षात घ्यावी. सलग सराव करणाऱ्या मुलाला रोज संध्याकाळी जमल्यासारखं वाटतं, मिसळून करणाऱ्याला रोज अडल्यासारखं. आणि पाठीवर थाप पहिल्याला मिळते.

मिसळायचं कसं, याला खर्च नाही. झालेल्या पाच-सहा चॅप्टरमधून गणितांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहा, रिकाम्या डब्यात टाका, रोज दहा चिठ्ठ्या काढा. चॅप्टर नवा असेल तेव्हा मात्र ही घाई नको. सुरुवातीला सोडवून दाखवलेली उदाहरणं नीट वाचणं हे स्वतः धडपडण्यापेक्षा फायद्याचं ठरतं, असं स्वेलर आणि कूपर यांनी ऑस्ट्रेलियात बीजगणितावर केलेल्या १९८५ च्या अभ्यासात आढळलं. पहिल्या दोन-तीन दिवशी उदाहरण वाचा, पुढची ओळ हाताने झाका, काय येईल ते सांगा, मग हात काढा. पाया बसला की चिठ्ठी डब्यात.

दुसरा सापळा मोबाईलवरचा. गणित अडलं की दोन मिनिटांत सोल्युशनचा व्हिडिओ उघडतो, सर झरझर सोडवतात, ‘समजलं’ म्हणून पुढे जायचं. दुसऱ्याचं पोहणं काठावरून पाहण्यासारखं आहे हे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलेला फरक पाहा. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून, पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६. तो प्रयोग उताऱ्यावरचा होता, फिजिक्सवरचा नाही. पण व्हिडिओ पाहिल्यावर तो बंद करून कोऱ्या कागदावर तेच गणित पहिल्या ओळीपासून उतरवायला काय हरकत आहे? आणि तीन दिवसांनी पुन्हा एकदा.

चुकांची वही बहुतेक क्लासमध्ये सांगितली जाते आणि बहुतेक घरांत दोन आठवड्यांत बंद पडते, कारण मुलं तिच्यात बरोबर उत्तर उतरवतात. उतरवायचं असतं चुकीचं कारण. जळगावहून धुळ्याला गाडी ताशी ६० किलोमीटरने गेली, ४५ ने परत आली. सरासरी चाल किती? घाईत येतं ५२.५, आणि पर्यायांत ५२.५ ठेवलेलं असतंच. अंतर सोयीसाठी ९० किलोमीटर धरा : जायला दीड तास, यायला दोन. १८० किलोमीटरला साडेतीन तास, म्हणजे ५१.४ च्या आसपास. वहीत लिहायचं ते एवढंच : ‘चालींची सरासरी काढली, एकूण वेळ पाहिला नाही.’ अशा वीस नोंदी झाल्या की आपण नेमके कुठे घसरतो ते दिसू लागतं. कोणी एककात, कोणी उणे चिन्हात, कोणी प्रश्नातला ‘नाही’ न वाचण्यात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची एक वेगळी अडचण आहे. दहावीपर्यंत त्वरण, संवेग, जडत्व. अकरावीच्या पहिल्या दिवशी तेच सगळं इंग्रजीत. ‘नीट’ २०१७ पासून मराठीतही देता येते, मराठी प्रश्नपुस्तिकेत इंग्रजी मजकूरही असतो आणि दोन्हींत तफावत पडली तर इंग्रजी ग्राह्य धरतात. पण दोन वर्षं अभ्यास इंग्रजीतून झालेला असतो. माझं मत असं, की पेपर कोणत्याही भाषेत द्यावा, गणित स्वतःला समजावताना मात्र घरच्या भाषेत बोलावं, मराठीत किंवा अहिराणीतही. झोक्याचं गणित आजीला अहिराणीत सांगता आलं, तर ते आलं.

राहिला शरीराचा भाग. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकेतील झोपतज्ज्ञांची संघटना सांगते. दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. रात्री दोनपर्यंत जागून केलेली पंधरा गणितं आणि सकाळचं जड डोकं हा सौदा तोट्याचा आहे. एप्रिलपासून आपल्याकडे पारा ४२-४३ ओलांडतो, कधी ४५ च्याही पुढे जातो. वीज गेली, कूलर थांबला की दुपारी बसवत नाही. पुरेसं पाणी पोटात नसेल तर लक्ष भरकटतं, डोकं दुखतं. त्यामुळे कठीण मिश्र सराव पहाटे ठेवावा हे बरोबर.

पण शेवटच्या महिन्यात एक बदल करावा. ‘नीट’चा पेपर दुपारी २ ते ५ या वेळेत असतो. एरवी आपण याच वेळी खिडक्या लावून आडवे होतो. आठवड्यातून किमान दोनदा याच तीन तासांत, हलकं जेवून, घड्याळ लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून पूर्ण पेपर सोडवावा. फिजिक्सची पहिली फेरी फक्त ओळखीच्या प्रश्नांची. ज्यात दीड मिनिटात नियमच सापडला नाही, त्याला खूण करून पुढे जायचं. डोळे मिटून उत्तर ठोकू नये, पण चारपैकी दोन पर्याय कारणासह बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांतला एक निवडणं हिशेबाने फायद्याचं : अशा दोन प्रश्नांत सरासरी एक बरोबर, एक चूक, म्हणजे ४ वजा १, तीन गुण पदरात. त्या दिवशी जेवताना आकडा विचारायचाच असेल, तर किती सुटली हे विचारण्याऐवजी एखादं अडलेलं गणित समजावून सांगायला लावावं. आबांना किंवा आजीला फिजिक्स येत नसलं तरी चालतं, ‘असं का?’ एवढं विचारता आलं की झालं.